मानपत्रातली बारावी ओळ

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा व्यवस्थापन समितीचे प्रमुख माननीय धनीरामभाऊ हटवार, पंचायत समितीतून खास वेळ काढून आलेले आदरणीय गटशिक्षणाधिकारी साहेब, आमचे केंद्रप्रमुख सोमाजी सर, आज ज्यांच्यासाठी हा मंडप घातला त्या आपल्या मुख्याध्यापिका आदरणीय ज्योत्सना कापगते मॅडम, त्यांचे चिरंजीव मनिष आणि सूनबाई अंजू, माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी, गावातली आणि पुनर्वसनातून आलेली पालक मंडळी, सकाळपासून भाताच्या गंजापुढे उभ्या राहून आता दाराशी टेकलेल्या आमच्या बेबीबाई, आणि पुढच्या चटईवर इतका वेळ शहाण्यासारखी बसलेली माझी लेकरं, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

बेबीबाई, खुर्ची रिकामी आहे, बसा. नाही? बरं, उभ्या राहा.

मी तृप्ती लांजेवार. या शाळेत नऊ वर्षांपासून तिसरीला शिकवते. मला इथं उभं केलं आहे ते भाषणासाठी नाही, मानपत्र वाचण्यासाठी. आपल्या केंद्रात कोणीही सेवानिवृत्त झालं की मानपत्र मी लिहायचं, असं अकरा वर्षांपासून चाललं आहे. अक्षर बरं आहे म्हणून पहिल्यांदा मला बसवलं आणि मग तेच कायम झालं. शहापूरचा फ्रेमवाला आता मला विचारतही नाही. त्याच्या फ्रेममध्ये माझ्या अक्षराच्या बारा ओळी बसतात. तेरावी लिहिली तर खालचं बोधचिन्ह झाकतं. म्हणून मानपत्र बारा ओळींचं.

मी त्यात एक नियम पाळते. कोणीतरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं तेच लिहायचं. 'आयुष्यभर तेवत राहिलात' वगैरे मी लिहीत नाही. ज्यांचा निरोप आहे त्यांच्यासोबत राहिलेल्या दोन-चार माणसांकडे जाते आणि विचारते, तुम्ही काय पाहिलं? ते सांगतात, मी लिहिते. एवढंच.

टेबलावरच्या फ्रेमला काच नाही, हे पुढच्या रांगेतल्यांनी पाहिलं असेल. बाबूलाल सरांनी सकाळपासून मला दोनदा विचारलं, "मॅडम, काच फुटली काय?" फुटलेली नाही. मीच बसवू दिली नाही. का, ते सांगते. त्याआधी मला मॅडमबद्दल चांगलं बोलायचं आहे, आणि ते खरं आहे म्हणून मनापासून बोलायचं आहे.

मॅडमची पहिली नेमणूक एकोडीची. तिथले त्यांचे विद्यार्थी केवळराम सर आज स्वतः शिक्षक आहेत. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, रोवणीच्या दिवसांत गावातल्या सगळ्या आया धानाच्या बांधीत असायच्या. धाकटी भावंडं सांभाळायला मोठ्या बहिणी घरी थांबायच्या आणि शाळेत मुलीच दिसायच्या नाहीत. मॅडम घरोघरी गेल्या आणि म्हणाल्या, "बहिणीले पाठवा, अन् त्या लहान्यालेही सोबत पाठवा." वर्गाच्या मयालीला, म्हणजे छताच्या तुळईला, त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. केवळराम सरांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत: मॅडम एका हातानं फळ्यावर लिहीत आणि दुसऱ्या हातानं झोळीची दोरी ओढत. मानपत्राच्या पहिल्या तीन ओळी त्याच आहेत.

कोणाचं तरी लेकरू सांभाळणं म्हणजे काय, हे या बाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. हे लक्षात ठेवा.

पुढची गोष्ट बेबीबाईंनी सांगितली. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि त्यांचं गाव उठलं, तेव्हा त्या नव्या गावठाणात आल्या. मासेमारी करणारी घरं ती. तळं मागे राहिलं, जाळी सोबत आली. लेकरांचे दाखले, जन्माच्या नोंदी कोणाकडे होत्या, कोणाच्या हलवाहलवीत हरवल्या. मॅडम तेव्हा या शाळेत नव्यानं आल्या होत्या. त्या पायी गावठाणात गेल्या, एकेका लेकराला समोर उभं केलं, दात पाहिले, उंची पाहिली, आईला विचारलं आणि त्रेचाळीस अर्ज स्वतः भरले. प्रत्येक अर्जावर खाली लिहिलं, 'सदर बालकास मी स्वतः पाहिले आहे.' आणि सही केली.

बेबीबाईंची गुड्डी त्या त्रेचाळिसातली एक. बेबीबाई मला म्हणाल्या, "बाई, आमच्यापाशी कागदच नोयता. मॅडम म्हणाल्या, कागद नाई त काय झालं, म्या पायलं ना. बस, माझी सही चालते." गुड्डी आज भंडाऱ्याला नर्सिंग करते. या पुढच्या चार ओळी झाल्या. ते अर्ज अजून कार्यालयातल्या कपाटात आहेत. गेल्या आठवड्यात मी ते काढून पाहिले. शाई फिकी झाली आहे, पण मॅडमची सही लगेच ओळखू येते, तिच्याखाली एक लहानशी आडवी रेघ असते.

आणखी चार ओळी शाळेच्या आहेत. बोअरवेल, मुलींचं स्वच्छतागृह, शिष्यवृत्तीचे निकाल, आणि आम्हा शिक्षिकांना मुलंबाळं आजारी असली की रजेसाठी कधीही ताटकळत न ठेवणं. त्या मी वाचणार आहे. पण या झाल्या अकरा.

बारावी ओळ कोरी आहे.

बेबीबाईंनी परवा मला स्टाफरूममध्ये पाहिलं. तासभर मी पेन हातात धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "काहून वो बाई, मानपत्र लिवून राहिल्या का परीक्षेचा पेपर? उत्तर येत नाई काय?" मी म्हटलं, येतं. पण ते लिहायचा अधिकार माझा नाही.

आता ज्या गोष्टीमुळे ती ओळ कोरी राहिली, ती इथं बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत आहे. मी कोणाचंही नाव घेणार नाही. प्रकरण न्यायालयात आहे, न्यायालयानं अजून काही ठरवलेलं नाही आणि ते ठरवण्याआधी मीही ठरवणार नाही. माझ्या लेकीचं नावही घेणार नाही. वकीलबाईंनी मला समजावलं आहे की अशा प्रकरणात लेकराचं नाव बाहेर येऊ द्यायचं नसतं, आईच्या तोंडूनही नाही. मी फक्त माझी लेक म्हणेन.

लग्नानंतर अकरा वर्षांनी ती झाली. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. सासूबाई आधीच गेलेल्या. लिलाधर, माझे यजमान, एस.टी.त कंडक्टर. ते सकाळी पहिल्या गाडीला जातात. बाळंतपणाची रजा संपली, मग बालसंगोपनाची रजा संपत आली. एके दिवशी मी कार्यालयात रडले. मॅडमनी दार लोटलं, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "येडी आहेस काय? माझ्या भावजयीनं पाळणाघर काढलं ना. माझ्या माहेरचं घर. तुझी पोरगी काय अन् माझी नात काय." पहिल्या दिवशी त्या माझ्यासोबत आल्या. लेकीला त्यांनीच कडेवरून उतरवलं.

मी विश्वास कोणावर ठेवला? पाळणाघरावर? मला तर त्या घराची मागची खोलीसुद्धा ठाऊक नव्हती. मी मॅडमवर विश्वास ठेवला. तुमच्यापैकी किती आयांनी तसाच ठेवला? हात वर करू नका. मी मोजत नाही आणि तुमच्याकडे पाहतही नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. माझी लेक साडेतीन वर्षांची होती. मॅडम पंचायत समितीच्या बैठकीहून परत येत होत्या. वाटेत कोणीतरी बोरं दिली, म्हणून ती द्यायला भावजयीच्या घरी थांबल्या. मधल्या सुट्टीत मला त्यांचा फोन आला. "तृप्ती, गाडी काढ. भावजयीकडे ये. कायले, काहून, काही विचारू नको. ये."

मी गेले. मॅडम बाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर माझी लेक. पाण्याच्या बाटलीचं झाकण भरून भरून त्या तिला पाजत होत्या. बाजूला बोरं सांडली होती. मॅडमच्या हातात एक ओढणी होती.  मला म्हणाल्या, "मागच्या खोलीत होती. खिडकीच्या गजाले बांधली होती, दोन्ही हात. म्या सोडलं. तृप्ती, म्या माझ्या डोळ्यानं पायलं."

मॅडम, तुम्ही मान खाली घातली आहे. वर पाहा. मी तुमचं वाईट सांगत नाही. त्या दिवशी तुम्ही थांबला नसता तर ती किती वेळ तिथं राहिली असती, मला माहीत नाही. हे उपकार मी विसरलेले नाही. म्हणूनच तर पुढचं बोलणं मला इतकं जड जातं.

आता माझी चूक सांगते. ती ऐका, विशेषतः आयांनी ऐका. लेकीला घरी आणलं आणि मी काय केलं? जे आपल्याकडची कोणतीही आई करेल तेच. कोमट पाण्यानं तिला न्हाऊ घातलं. तिच्या मनगटावर वळ होते, त्यांवर तेलात कालवलेली हळद लावली, सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस. तिचा फ्रॉक धुतला. ती ओढणी माझ्या पिशवीत आली होती. दुसऱ्याचं कापड मळकं परत करायचं नाही, म्हणून तीही धुतली, वाळवली, इस्त्री केली, घडी घातली आणि पाठवून दिली. हो, पाठवून दिली. ज्या कापडानं माझ्या लेकीला बांधलं, ते मी इस्त्री करून दिलं.

तिसऱ्या दिवशी लिलाधर म्हणाले, दवाखान्यात दाखवू. डॉक्टरांनी तपासलं आणि जे दिसलं ते लिहिलं: दोन्ही मनगटांवर पिवळे डाग, वळ स्पष्ट दिसत नाहीत. त्यांचं काय चुकलं? हळद माझी होती.

ठाण्यात गेलो. तिथं नोंद झाली, आणि ठाणेदार साहेबांनी नीट समजावून सांगितलं की याचा पुढचा तपास करायला न्यायालयाचा आदेश लागतो, तिथं अर्ज करा. आम्हाला वाटलं, झालं, संपलं, आपल्याला परत पाठवलं. तसं नव्हतं, पण ते कळायला आम्हाला पुढे दोन महिने लागले.

त्याच ठाण्यात त्याच आठवड्यात मॅडमनी लिहून दिलं. त्याची प्रत मला पुढे मिळाली. तीन ओळी आहेत. 'मुलगी रडत होती म्हणून मी तिच्या आईस फोन करून बोलावले. मी मागील खोलीत गेले नाही. याशिवाय मला काही माहिती नाही.' खाली सही. सहीखाली तीच लहान आडवी रेघ.

मी तो कागद किती वेळा वाचला असेल? मला खोट्या सहीची शंका आली होती. खरं सांगते, मी त्या त्रेचाळीस अर्जांतला एक काढून शेजारी ठेवला आणि ताडून पाहिला. सही खरी होती.

धनीरामभाऊ, तुम्ही घड्याळ दाखवून राहिले आहात, मला दिसतं. थोडा वेळ द्या. तुमचंही सांगायचं आहे, आणि तुम्ही वाईट माणूस नाही हेही सांगायचं आहे. भाऊंनी आम्हाला घरी बोलावलं होतं. चार मंडळी होती. भाऊ म्हणाले, "ताई, लेकरू धडधाकट आहे ना? मंग? एका गावातले लोक आपुन. कोर्टाच्या पायऱ्या कायले चढता? आपसात मिटवून टाका." एक कागद होता. आपसात समेट झाला आहे, कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्यांनी चांगल्या मनानंच आणला होता. आम्ही सही केली. मी आणि लिलाधरनं, दोघांनी. 

मग एप्रिलमध्ये एके दुपारी मी घरात भाजी निवडत होते. लेक खिडकीपाशी खेळत होती. मी सहज पाहिलं. तिनं तिच्या बाहुलीचे दोन्ही हात केसांच्या रिबिनीनं खिडकीच्या गजाला बांधले होते. गाठ नीट मारता येत नव्हती म्हणून ती पुन्हापुन्हा मारत होती.

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला गेले. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवेचं कार्यालय आहे. मला वाटलं होतं तिथं कोणी उभं करणार नाही. एका बाईनं अर्ज लिहून घेतला आणि आम्हाला वकील दिला. बायांना आणि लेकरांना तिथं वकील फुकट मिळतो, ही गोष्ट मला, एका शिक्षिकेला, त्रेचाळिसाव्या वर्षी कळली. हर्षा वकीलबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी समेटाचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "ताई, लेकराच्या छळाचा गुन्हा गावच्या बैठकीत मिटत नसतो. तुम्ही तुमच्यापुरती सही केली. लेकराच्या वतीनं माफ करायचा हक्क तुम्हाला तरी कोणी दिला?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. पण मी त्या दिवशी जेवले नाही.

साहेब, हा निरोप समारंभ आहे आणि मी कायदा सांगत बसले, हे मला कळतं. पण एवढे पालक पुन्हा एका जागी कधी बसणार? म्हणून सांगते. असं कोणाच्याही लेकरासोबत झालं तर आधी त्याला न्हाऊ घालू नका. हळद नंतर लावा. आधी सरकारी दवाखान्यात न्या आणि लिहून घ्या. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. १०९८ वर फोन लावा, तो लेकरांसाठीच आहे. ठाण्यात सांगा. तिथून न्यायालयात जा म्हणाले तर त्याचा अर्थ घरी जा असा होत नाही. बालकल्याण समितीकडे अर्ज करता येतो, न्यायालयात थेट तक्रार करता येते. आणि हे ऐका: ज्याच्या हाती आपण विश्वासानं लेकरू सोपवतो, सांभाळण्याचं कामच ज्यानं अंगावर घेतलं आहे, त्यानं छळ केला तर कायदा त्याला इतरांपेक्षा जास्त शिक्षा सांगतो. कायद्यालाही विश्वासाचं वजन कळतं. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं.

तर आम्ही न्यायालयात तक्रार केली. आणि तिथं प्रश्न आला, पाहिलं कोणी? वळ हळदीखाली गेले. ओढणी इस्त्री होऊन परत गेली. लेक साडेतीन वर्षांची. पाहणारं मोठं माणूस एकच.

आणखी दोन आया माझ्याकडे येऊन गेल्या आहेत. त्यांची लेकरंही त्याच पाळणाघरात होती. त्यातली एक म्हणाली, "बाई, आमचा पोट्टा अजून अंधाऱ्या खोलीत जात नाई." मी म्हटलं, चला माझ्यासोबत, सांगा. त्या म्हणाल्या, "पयले मॅडमले बोलू द्या. मॅडम बोलल्या त आमी बोलतो. आमचं कोण ऐकते?" त्या इथंच कुठंतरी बसल्या आहेत. बायांनो, घाबरू नका, मी तुमच्याकडे पाहणार नाही.

मी मॅडमशी भांडले का? नाही. रोज सकाळी हजेरीपटावर सही करायला मी त्यांच्या टेबलापुढे उभी राहते. वर्षभर आम्ही शालेय पोषण आहार, गणवेश, पटसंख्या यांवर बोललो. एकदाच, पावसाळ्यात, कार्यालयात दोघीच होतो. मी म्हटलं, "मॅडम, काहून?" मला वाटलं त्या रागावतील. त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "तृप्ती, भाऊ म्हणाला, ताई, तू बोलली तर या घरची पायरी चढू नको. माहेर एकच असते वो."

मला ते समजलं. खरंच समजलं. मलाही माहेर आहे, मलाही भाऊ आहे. राखीच्या दिवशी उंबऱ्यातून परत फिरायचं, हे काय असतं याचा मी विचार केला. पण मग असंही वाटलं, मॅडम, माझ्या लेकीला कडेवरून उतरवताना तुम्ही मला तेच सांगितलं होतं ना, माझ्या माहेरचं घर. ते घर तुमच्या भरवशावर तिचंही झालं होतं. मग माहेर धरून ठेवताना माझी लेकच तुमच्या हातून कशी सुटली?

गेल्या महिन्यात मॅडमना साक्षीसाठी समन्स आलं. त्या तारखेला मी अकरा वाजल्यापासून बाकावर बसले होते. हर्षा वकीलबाई सारख्या फाटकाकडे पाहत होत्या. साडेचार वाजले. मॅडम आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांची किरकोळ रजा होती, कारण प्रकृती. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी माझ्या टेबलावर चहा पाठवला, आलं घातलेला, मला आवडतो तसा. मी तो प्यायले. इतक्या वर्षांच्या सवयीनं प्यायले.

न्यायालयानं पुन्हा तारीख दिली. येत्या गुरुवारची.

आणि आत्ता अर्ध्या तासापूर्वी, याच माइकवर, मनिषनं आनंदाची बातमी सांगितली. आई आता आमच्याकडे पुण्याला येते, बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप हलले, आणि मग माझ्या लक्षात आलं की बुधवारनंतर गुरुवार येतो. मनिष, तुझा दोष नाही रे. तुला कोणी सांगितलं नसेल.

मॅडम, आता मी फक्त तुमच्याशी बोलते. बाकीच्यांनी क्षणभर मला माफ करावं.

एक गोष्ट मी आजवर लिलाधरलाही सांगितली नाही. एप्रिलमध्ये लेकीनं बाहुली बांधली ते मी सांगितलं. ती गाठ मारत असताना बाहुलीशी बोलत होती. मी जवळ गेले तेव्हा ऐकलं. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "रडू नको. मोठ्या मॅडम येऊन राहिल्या."

ती अजूनही तो खेळ खेळते. आता ती पाच वर्षांची होईल. गाठ नीट जमते. आणि शेवटी प्रत्येक वेळी मोठ्या मॅडम येतात, तीच मॅडम होते, बाहुलीचे हात सोडते आणि बाटलीच्या झाकणानं तिला पाणी पाजते. एकदाही असं झालं नाही की मॅडम आल्या नाहीत. तिच्या खेळात तुम्ही दरवेळी येता.

मी तुम्हाला काय बोला हे सांगणार नाही. ते सांगणं बरोबरही नाही. माझ्या बाजूनं बोला असं तर मुळीच म्हणत नाही. जेवढं दिसलं तेवढं. त्रेचाळीस वेळा तुम्ही जे लिहिलं, ते एकदा.

आता मानपत्राचं. साडी, श्रीफळ आणि ओटी मॅडमना आज आम्ही सगळ्या मिळून देणार आहोत, आणि त्यात माझाही हात असेल, मनापासून असेल. अकरा ओळी मी आता वाचीन. पण फ्रेम आज देणार नाही. धनीरामभाऊ, तुम्ही सकाळी म्हणालात, "ताई, मानपत्रात वादाचं काही नको." नाही भाऊ, काही नाही. त्यात आहे ते सगळं कोणीतरी पाहिलेलं आहे. गुरुवारी अकरा वाजता मी भंडाऱ्याला न्यायालयात असेन, दुसऱ्या बाकावर. फ्रेम माझ्या पिशवीत असेल आणि पेनही. बारावी ओळ मी तिथं बसून लिहीन. मॅडम आल्या तर काय लिहायचं ते मला पाठ आहे. नाही आल्या तर ती ओळ कोरीच ठेवीन, शहापूरला जाऊन वरून काच बसवीन आणि पुण्याच्या पत्त्यावर पाठवीन. भिंतीवर लावायची की नाही ते मॅडमनी ठरवावं.

तुम्ही सगळ्यांनी माझं एवढं ऐकून घेतलं. अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, साहेबांनी घड्याळ पाहिलं नाही, लेकरांनी गोंगाट केला नाही, बेबीबाईंनी भात करपू दिला नाही. तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. मॅडम, तुम्हाला दीर्घ आयुष्य आणि चांगली तब्येत लाभो, हे मी या मानपत्राइतक्याच खरेपणानं म्हणते. निरोपाच्या जागी जे बोलू नये ते माझ्याकडून बोललं गेलं असेल, कोणाचा मान राहिला नसेल, वेळही जास्त घेतला. ते सगळं माझं कमीपण समजून पोटात घाला.

फक्त ती एक कोरी ओळ माझी नाही.